भांडण छेदावर: फॉरवर्ड प्रायसिंग रेट प्रकल्पाच्या नोंदी

१३ मार्च २०२३, सोमवार

रेटच्या कामाला आज सुरुवात झाली. २०२४ ते २०२७ या चार वर्षांचे फॉरवर्ड प्रायसिंग रेट, म्हणजे पुढच्या कंत्राटांच्या किमती काढताना लावायचे खर्चाचे दर, सरकारकडून मान्य करून घ्यायचे आहेत. सध्याचा करार डिसेंबरअखेर संपतो, आणि आत्ता जी प्रपोजल बाहेर पडतायत त्यांचं काम मुख्यतः २०२४ नंतरचं आहे. घाई त्यामुळेच.

आमची कंपनी मध्यम आकाराची, अलाबामातल्या हंट्सव्हिलची, लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक्स बनवणारी. रेट ही कुठल्याही संरक्षण कंपनीची गोपनीय माहिती, म्हणून या नोंदींत हिशेब कळावा एवढ्यासाठी सोपे गोल आकडे घेतोय. मराठीत लिहितोय ते या क्षेत्रात नव्याने आलेल्या आपल्या मुलामुलींसाठी. अमेरिकेत कॉस्ट अकाउंटिंग करणारे मराठी लोक कमी नाहीत, पण यावर बोलणं सगळं इंग्रजीतच होतं.

आधी मूळ गोष्ट. लष्कराला एखादी वस्तू एकाच कंपनीकडून घ्यावी लागते तेव्हा बाजारभाव नावाचं काही नसतं. किंमत खर्चावरून ठरवावी लागते, आणि खर्च ठाऊक असतो तो कंपनीला. म्हणून १९६२ साली काँग्रेसने कायदा केला की वाटाघाटीत कंपनीने आपली खर्चाची माहिती अचूक, पूर्ण आणि त्या दिवसापर्यंतची द्यायची. आत्ता, २०२३ मध्ये, २० लाख डॉलरच्या वरच्या व्यवहारांना तो लागू होतो, काही अपवाद सोडून.

आता प्रत्येक प्रपोजलमध्ये इंजिनियरच्या पगारावर ओव्हरहेड (भाडं, सुपरवायझर यांसारखे अप्रत्यक्ष खर्च) किती, फ्रिंज (विमा, पगारावरचे कर) किती, त्यावर जी अँड ए (कंपनीचा सर्वसाधारण प्रशासकीय खर्च) किती, हा वाद नव्याने घालायचा म्हटलं तर दोन्ही बाजूंचं वर्ष त्यातच जाईल. त्यापेक्षा रेट एकदाच ठरवायचे आणि सगळ्या प्रपोजलना तेच लावायचे, हा फॉरवर्ड प्रायसिंग रेट ॲग्रीमेंटचा हेतू. सरकारच्या बाजूने करार करतो तो डीसीएमएचा, म्हणजे संरक्षण खात्याची कंत्राटं सांभाळणाऱ्या संस्थेचा, प्रशासकीय कंत्राट अधिकारी, म्हणजे एसीओ. त्याला सल्ला देते डीसीएए, १९६५ पासून संरक्षण खात्याची कंत्राटं तपासणारी संस्था. ऑडिटर प्रश्न काढतो, निर्णय एसीओचा. हा फरक नवख्यांच्या लक्षात येत नाही आणि ते ऑडिटरशीच घासाघीस करत बसतात.

२९ मार्च २०२३, बुधवार

मागच्या तीन वर्षांचे प्रत्यक्ष खर्च काढले. २०२० चा प्रवासखर्च जवळजवळ शून्य, २०२१ चा अर्धामुर्धा. तीन वर्षांची सरासरी सरळ काढली तर पुढचा प्रवास कमी दिसेल, आणि फक्त २०२२ धरलं तर ऑडिटर म्हणणार की सोयीचं वर्ष निवडलंत. मासिक खर्च मांडून २०२२ च्या उत्तरार्धापासूनचा कल धरायचं ठरलं, आणि असं का केलं याचं टिपण त्याच शीटला जोडलं. टिपण नंतर लिहू म्हटलं की ते कधीच लिहिलं जात नाही.

मग अमान्य खर्चांची, म्हणजे सरकार जे भरून देत नाही त्यांची, चाळणी. एफएआरच्या, म्हणजे सरकारी खरेदीच्या नियमावलीच्या, भाग ३१ मध्ये काय चालतं आणि काय नाही हे कलमवार दिलं आहे: दारू नाही, करमणूक नाही, व्याज नाही, देणग्या नाहीत, लॉबिंग नाही. मोठे खर्च आपोआप वगळले जातात, कारण त्यांचे खाते क्रमांकच वेगळे असतात. अडकतात ते बारके. मार्च २०२२ मध्ये व्हॉन ब्रॉन सेंटरला लष्करी प्रदर्शन भरलं होतं, त्यातल्या एका व्हेंडरचं बिल आज उघडलं. स्टॉलचं भाडं, वीज, गालिचा, आणि चौथ्या ओळीत ‘छापील टी-शर्ट’. पाहुण्यांना वाटलेले कपडे, बिल्ले, आठवणवस्तू कलम ३१.२०५-१ मध्ये नाव घेऊन अमान्य केलेल्या आहेत. रक्कम किरकोळ, पण नाव घेऊन अमान्य असलेला खर्च २०२२ च्या अंतिम हिशेबात गेला असता तर त्यावर दंड लागतो. ती ओळ काढली आणि प्रदर्शनांची बाकीची बिलंही मागवली.

१२ एप्रिल २०२३, बुधवार

आजची बैठक या सगळ्या प्रकल्पाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रेट म्हणजे अपूर्णांक. अंशात पूल, म्हणजे अप्रत्यक्ष खर्चांची बेरीज: भाडं, सुपरवायझर, गुणवत्ता विभाग, सॉफ्टवेअर. छेदात बेस, म्हणजे प्रकल्पांवर थेट लागणारी मजुरी. अंशावर लोक तासन्‌तास बोलतात. पण भाडं बहुतेक करारानेच ठरलेलं असतं, पगार माहीत असतात. अंशात फार तर दोनचार टक्क्यांची हालचाल. रेट हलतो तो छेदाने, आणि छेद म्हणजे पुढच्या वर्षांत कुठली कामं मिळतील याचा अंदाज.

आमच्यापुढचा प्रश्न एका मोठ्या कामाचा आहे. नवा कार्यक्रम, स्पर्धा चालू, निकाल बाकी. २०२५ हे वर्ष घेऊ. ते काम नसेल तर पूल २४ मिलियन डॉलर, बेस २० मिलियन, ओव्हरहेड १२० टक्के. काम मिळालं तर बेस २५ मिलियन होतो. पूल मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, कारण इमारत तीच आणि मॅनेजर तेच, तो २६.५ मिलियन. रेट १०६ टक्के.

विक्री विभाग म्हणतो जिंकण्याची शक्यता ६० टक्के. सीएफओंनी सुचवलं की वाढीव बेस आणि वाढीव पूल दोन्हींना ६० टक्क्यांनी गुणावं. मग बेस २३, पूल २५.५, रेट ११०.९. पद्धत रूढ आहे, पुस्तकी आहे, आणि छोट्या छोट्या वीसतीस संधी असतील तर बरोबरही आहे, कारण काही मिळतात, काही जातात, बेरीज साधारण जमते. पण इथे एकच मोठं काम आहे. ते एकतर मिळेल किंवा मिळणार नाही. ११०.९ हा रेट या दोन्हींपैकी कुठल्याच परिस्थितीत प्रत्यक्षात येणार नाही. काम मिळालं नाही तर आम्ही प्रत्येक कंत्राटात थेट मजुरीच्या नऊ टक्के अंगावर घेणार, मिळालं तर सरकार पाच टक्के जास्त देणार.

मी मांडलं की दोन तक्ते द्यावेत: ‘अ’ कामाशिवाय, ‘ब’ कामासह, आणि निकाल लागला की कुठला तक्ता लागू होईल हे करारातच लिहून ठेवावं. बैठकीत ते पटलं नाही. दोन तक्ते म्हणजे दुप्पट ऑडिट, असं मत पडलं. ११०.९ ने जायचं ठरलं. माझं मत इतिवृत्तात नोंदवून घेतलं.

४ मे २०२३, गुरुवार

पगारवाढीचा अंदाज. मार्च २०२३ ला संपलेल्या बारा महिन्यांत खाजगी क्षेत्रातले पगार ५.१ टक्क्यांनी वाढल्याचं कामगार खात्याच्या निर्देशांकात आलं आहे. एचआरला २०२४ साठी ४.५ हवेत.

इथे एक गोष्ट तरुण सहकाऱ्यांना समजावून द्यावी लागली. पगारवाढ अंशातही आहे आणि छेदातही. त्यामुळे वाढीचा अंदाज बदलला तरी ओव्हरहेडचा टक्का थोडाच हलतो. फरक पडतो तो तासाच्या मूळ दरात, आणि त्या दरावर मग सगळे टक्के चढतात. म्हणजे ऑडिटरने वाढ कमी केली आणि आपण ‘ओव्हरहेड तर तसाच राहिला’ म्हणून समाधान मानलं, तर नुकसान दिसणारसुद्धा नाही.

१९ मे २०२३, शुक्रवार

प्रपोजल सादर. रेटचे तक्ते, पूल आणि बेसचा तपशील, तीन वर्षांचा इतिहास, बजेट, डिस्क्लोजर स्टेटमेंटचे (कंपनीच्या हिशेबपद्धती जाहीर करणाऱ्या कागदाचे) संदर्भ, पर्याप्ततेची चेकलिस्ट.

माहिती अचूक, पूर्ण आणि ताजी असल्याचं प्रमाणपत्र १९६२ च्या कायद्याखाली कंत्राटाच्या वेळी द्यावं लागतं; रेटच्या करारासाठी ते वेगळं द्यावं लागत नाही. पण ही सुटका समजू नये. हे रेट वापरून पुढे ज्या कंत्राटाची किंमत ठरते त्या कंत्राटाच्या प्रमाणपत्रात रेटमागची सगळी माहिती येते, आणि तीही त्या किंमत-मान्यतेच्या दिवसापर्यंत ताजी केलेली. म्हणजे आज दिलेली एक शीट पुढच्या चार वर्षांत कितीतरी सह्यांखाली जाणार आहे.

१५ जून २०२३, गुरुवार

डीसीएएची प्रवेश बैठक. ऑडिटर दोघं, एक अनुभवी बाई आणि एक नवीन मुलगा. बाईंनी पहिल्याच तासात सांगितलं, प्रपोजलमधल्या कुठल्याही आकड्यापासून ट्रायल बॅलन्सपर्यंत, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या तक्त्यापर्यंत, चालत जाऊन दाखवा. त्यांनी निवडला सॉफ्टवेअर लायसन्सचा खर्च. आम्ही चालून दाखवलं. एका जागी दोन खात्यांची बेरीज होती आणि ती कुठून आली हे मार्चमधल्या टिपणात होतं, म्हणून काम दहा मिनिटांत उरकलं.

३० जून २०२३, शुक्रवार

२०२२ चं इन्कर्ड कॉस्ट सबमिशन, म्हणजे त्या वर्षाच्या झालेल्या खर्चाचा अंतिम हिशेब, आज गेलं. वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते. टी-शर्टची ओळ अमान्य खर्चात दाखवली आहे.

१९ जुलै २०२३, बुधवार

ऑडिटरबाईंची मागणी आली: संचालक मंडळाने मंजूर केलेली २०२४-२५ ची व्यवसाय योजना द्या.

ही मागणी येणार हे कुणीही अनुभवी माणूस सांगू शकला असता. रेटसाठी सरकारला एक अंदाज आणि बँकेला, संचालकांना दुसरा, असं आहे का, हे ऑडिटर पाहतोच. आमच्याकडे तसंच होतं. मंडळाच्या योजनेत ते मोठं काम पूर्ण धरलेलं आहे, जानेवारी २०२४ पासून, शंभर टक्के. आमच्या प्रपोजलमध्ये ६०.

दुपारी वरिष्ठांची बैठक झाली आणि ती बरीच तापली. एक मत असं की मंडळाची योजना म्हणजे महत्त्वाकांक्षा, तो अंदाज नव्हे; शिवाय कायद्याने द्यायची असतात तथ्यं, मतं नव्हेत, तेव्हा देऊ नये.

तथ्य आणि मत यांतला फरक खरा आहे. पण एफएआरच्या व्याख्येतच लिहिलं आहे की खर्चावर लक्षणीय परिणाम करू शकणाऱ्या व्यवस्थापनाच्या निर्णयांची माहिती ही खर्चाची माहिती धरली जाते. काम मिळेलच असं मंडळाला वाटतं, हे मत. मंडळाने त्या गृहीतावर योजना मंजूर केली, त्यावर माणसं नेमायला आणि यंत्र मागवायला परवानगी दिली, हे घडलेलं तथ्य. ते दडवणं म्हणजे पुढच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर टांगती तलवार ठेवणं. मी हे जमेल तितकं शांतपणे मांडलं. कंपनीच्या वकिलांनी पाठिंबा दिला आणि आणखी एक मुद्दा काढला: अंदाज-पद्धतीत गंभीर दोष आहे असं ठरलं तर सरकार आमच्या बिलांतून पाच टक्के रोखून ठेवू शकतं. त्यावर खोलीतला आवाज खाली आला.

योजना उद्या जाईल. सोबत एक पानाचं स्पष्टीकरण: दोन अंदाज वेगळे का आहेत, कोणी कधी ठरवले, आणि फरक किती.

या कामात मला एकच गोष्ट मनापासून धरून ठेवावीशी वाटते, ती म्हणजे समोरच्याला आपल्यापेक्षा कमी माहिती ठेवून मिळवलेला रेट टिकत नाही. आज नाही तर तीन वर्षांनी, किंमत ठरल्यानंतरच्या तपासणीत तो व्याजासह परत घेतला जातो. आणि पैसा शेवटी करदात्याचा आहे. त्यात मीही आलो.

२४ ऑगस्ट २०२३, गुरुवार

निर्गम बैठक झाली. ऑडिटचे आक्षेप, २०२५ पुरते:

रिकामी इमारत, ०.४ मिलियन. एक कंत्राट या वर्षी जानेवारीत संपलं आणि दुसऱ्या इमारतीचा अर्धा मजला रिकामा पडला. भाडेकरार २०२६ पर्यंतचा. वापराविना पडलेल्या जागेचा खर्च साधारणपणे एक वर्षापर्यंतच मान्य होतो. २०२५ ला तो कुठल्याच हिशेबाने बसत नाही.

भरायच्या जागा, ०.४ मिलियन. आम्ही गुणवत्ता आणि खरेदी विभागात सहा नव्या जागा धरल्या होत्या. तिघांच्या भरतीची मंजूर कागदपत्रं आहेत, उरलेल्या तीन जागा फक्त विभागप्रमुखांच्या इच्छायादीत. ऑडिटने सहाही उडवल्या.

आणि बेस. मंडळाची योजना पाहून ऑडिटने ते काम शंभर टक्के धरलं. पूल २६.५ मधून ०.८ गेले, उरले २५.७, बेस २५, रेट १०२.८.

एसीओंनी करार होईपर्यंतचा शिफारस रेट, म्हणजे एफपीआरआर, १०२.८ ने काढला. हा एकतर्फी असतो. आम्ही प्रपोजलमध्ये आमचा ११०.९ लिहू शकतो, पण समोर बसलेला सरकारी अधिकारी १०२.८ धरूनच वाटाघाट करणार. थेट मजुरीच्या दर डॉलरमागे आठ सेंटचा फरक, आणि तो मिटेपर्यंत कुठलीच किंमत ठरायची नाही.

बैठक संपल्यावर सीएफओंनी स्वतःच विचारलं, ते दोन तक्त्यांचं एप्रिलमधलं टिपण कुठे आहे?

८ सप्टेंबर २०२३, शुक्रवार

सुधारित प्रपोजल गेलं. तक्ता ‘अ’ आणि तक्ता ‘ब’. ‘ब’ मध्ये २०२४ साठी काम कुठल्या तिमाहीत मिळेल त्यानुसार वेगळे रेट, कारण जूनमध्ये मिळालेलं काम त्या वर्षाच्या बेसमध्ये अर्धंच येणार.

२० सप्टेंबर २०२३, बुधवार

काल घरी गणपती बसले. सकाळची आरती आटोपून आज वाटाघाटीला पोहोचलो. एसीओ, त्यांचे किंमत-विश्लेषक, ऑडिटरबाई सल्लागार म्हणून. आमच्याकडून सीएफओ, मी आणि वकील.

इमारतीचे ०.४ आम्ही सुरुवातीलाच सोडले. ज्याचा बचाव करता येत नाही ते धरून बसलं की बचाव करता येणाऱ्या मुद्द्यांचंही वजन जातं. जागांबाबत भरतीचे तीन मंजूर अर्ज टेबलावर ठेवले, त्यांपैकी एकीची नेमणूक मागच्याच आठवड्यात झाली होती. तिघांचे ०.२ मान्य, तिघांचे ०.२ गेले. पूलमधून एकूण ०.६ गेले.

खरी चर्चा बेसची. एसीओंचा मुद्दा सरळ होता: तुमच्याच मंडळाने हे काम धरलंय, मग सरकारने कामाशिवायचा महाग रेट का मान्य करावा?

उत्तर दोन भागांत दिलं. मंडळाची योजना मे महिन्यातली, आणि तिच्यात काम जानेवारीत सुरू होईल असं गृहीत आहे. पण हा नवा कार्यक्रम आहे. १ ऑक्टोबरला सरकारचं आर्थिक वर्ष सुरू होतंय आणि पूर्ण अर्थसंकल्प मंजूर होण्याचं चिन्ह नाही. तात्पुरत्या ठरावावर सरकार चाललं तर संरक्षण खात्याला नवे कार्यक्रम सुरू करता येत नाहीत. म्हणजे स्पर्धा आम्ही जिंकलो तरी काम कधी सुरू होईल हे काँग्रेसच्या हाती आहे. दुसरं, तक्ता ‘ब’ सरकारकडेच आहे. काम मिळालं की आम्हाला कळवावंच लागेल आणि रेट आपोआप खाली येईल. त्यात सरकारला जोखीम उरत नाही.

विश्लेषकांनी विचारलं, कळवलंच नाहीत तर?

एसीओंनीच त्याचं उत्तर दिलं: कराराचं कलमच तसं लिहू. निकालापासून पाच कामकाजी दिवसांत एसीओ आणि ऑडिटर दोघांना लेखी सूचना. त्या तारखेनंतर किंमत ठरणाऱ्या सगळ्या प्रपोजलना तक्ता ‘ब’. शिवाय तिमाहीला प्रत्यक्ष पूल आणि बेसची तुलना द्यायची. करार रद्द करण्याचा हक्क दोन्ही बाजूंना, तो तर नेहमीचाच.

‘अ’: २३.४ भागिले २०, ११७ टक्के. ‘ब’: २५.९ भागिले २५, १०३.६ टक्के. संध्याकाळी पाचच्या सुमारास तत्त्वतः जमलं.

पगारवाढ २०२४ ला ४, पुढे ३.५. फ्रिंज आणि जी अँड ए फारसा वाद न होता.

२ ऑक्टोबर २०२३, सोमवार

सरकार बंद पडणार अशी धास्ती होती. शनिवारी रात्री तात्पुरता ठराव झाला, १७ नोव्हेंबरपर्यंत. नवे कार्यक्रम थांबलेलेच.

१३ ऑक्टोबर २०२३, शुक्रवार

सोशल सिक्युरिटीची २०२४ ची वेतनमर्यादा, म्हणजे ज्या पगारापर्यंत हा कर लागतो ती रक्कम, काल जाहीर झाली: १,६८,६०० डॉलर. यंदा १,६०,२०० आहे. ८,४०० डॉलरवर ६.२ टक्के म्हणजे मर्यादेच्या वर पगार असलेल्या प्रत्येक माणसामागे कंपनीला ५२० डॉलर ८० सेंट जादा. आमच्या ज्येष्ठ इंजिनियरांत असे बरेच. फ्रिंजच्या शीटमध्ये अंदाजाच्या जागी खरा आकडा घालून सही होण्याआधी एसीओंना पाठवला. टक्का दशांशात हलला, पण तथ्य आलं की ते त्याच दिवशी पुढे जायला हवं.

८ नोव्हेंबर २०२३, बुधवार

करारावर सह्या झाल्या. सगळ्या प्राइसिंग शीट्समध्ये तक्ता ‘अ’ चढवला, जुन्या फाइली कुलूपबंद केल्या. रविवारी दिवाळी, फराळ घेऊन ऑफिसला येणार असं टीमला सांगून ठेवलं आहे.

२२ जानेवारी २०२४, सोमवार

पहिली तिमाही तुलना गेली. २०२३ चा शेवट अंदाजाच्या जवळ. तात्पुरता ठराव शुक्रवारी तिसऱ्यांदा झाला, संरक्षण खात्यासाठी आता ८ मार्चपर्यंत. मंडळाच्या योजनेतला जानेवारी आला आणि चालला. ‘अ’ लागू आहे आणि प्रत्यक्ष बेसही ‘अ’ सारखाच दिसतोय.

२५ मार्च २०२४, सोमवार

संरक्षण खात्याचा पूर्ण वर्षाचा अर्थसंकल्प अखेर शनिवारी, २३ तारखेला कायदा झाला. आर्थिक वर्षाचे जवळपास सहा महिने गेले. आता निकाल कधीही येईल म्हणून सूचनेच्या पत्राचा मसुदा तयार करून ठेवला, आणि चालू असलेल्या सगळ्या प्रपोजलची यादी काढली: कुठल्याची किंमत ठरायची आहे, कुठल्याची ठरली पण प्रमाणपत्र बाकी आहे.

११ एप्रिल २०२४, गुरुवार

काम मिळालं. दुपारी दोनला अधिकृत पत्र आलं. ऑफिसात जल्लोष, आणि तो योग्यच होता. इंजिनियरांनी या कामासाठी दोन वर्षं घातली आहेत.

चारला कंत्राट विभागाचा फोन. यादीतल्या एका सुट्या भागांच्या प्रपोजलची किंमत सोमवारी, १५ तारखेला ठरायची आहे. त्यात २०२५ ची थेट मजुरी ३ मिलियन. त्यांचं म्हणणं, रेट करारात सूचनेला पाच कामकाजी दिवस आहेत, म्हणजे पुढच्या गुरुवारपर्यंत. सोमवारी ‘अ’ ने किंमत ठरवू, मंगळवारी पत्र पाठवू. करार मोडला असं कुणी म्हणू शकणार नाही.

करार मोडला नसता, हे अर्धं खरं आहे. त्याच करारात निकालाच्या तारखेनंतर ठरणाऱ्या किमतींना ‘ब’ लागेल असंही लिहिलं आहे. आणि ते लिहिलेलं नसतं तरी १९६२ चा कायदा उरतोच. सोमवारी किंमत ठरली तर प्रमाणपत्र सोमवारपर्यंतच्या माहितीचं. गुरुवारी दुपारी दोनला मिळालेलं पत्र त्या माहितीत येतं. पाच दिवसांची मुदत ही कागद पोहोचवण्यासाठी दिलेली सवलत आहे. माहिती असून नसल्यासारखं वागायची ती परवानगी नव्हे. ३ मिलियनवर ११७ आणि १०३.६ मधला फरक ४,०२,००० डॉलर, वर जी अँड ए आणि नफा वेगळा. ही रक्कम पुढे तपासणीत निघाली असती तर किंमतकपात, व्याज, आणि जाणूनबुजून केलं असं ठरलं तर तेवढ्याच रकमेपर्यंत दंड. आणि ते जाणूनबुजूनच ठरलं असतं, कारण आजचा फोन झालेला आहे.

सीएफओंना लगेच भेटलो. त्यांनी पाच मिनिटांत निर्णय दिला.

१२ एप्रिल २०२४, शुक्रवार

सकाळी साडेनऊला पत्र एसीओ आणि ऑडिटर दोघांना गेलं. अकराला सुट्या भागांच्या कंत्राट अधिकाऱ्यांना वेगळं पत्र: ओव्हरहेड रेट बदलला आहे, सुधारित प्रपोजल सोमवारी सकाळी देतो, बैठक दोन दिवस पुढे ढकलावी.

एसीओंचं उत्तर दुपारी आलं, दोन ओळींचं. पत्र मिळालं, तक्ता ‘ब’, दुसऱ्या तिमाहीचा स्तंभ, ११ एप्रिलपासून लागू.

७ मे २०२४, मंगळवार

सुट्या भागांची किंमत ‘ब’ ने ठरली, प्रमाणपत्रावर सही झाली. यादीतली बाकीची प्रपोजलही सुधारून गेली. मार्चअखेर ज्या दोन प्रपोजलची किंमत ठरली होती त्यांना ‘अ’ च लागू राहतो, कारण तेव्हा निकाल कुणालाच माहीत नव्हता; त्या तारखा, मेल आणि निकालाचं पत्र एकाच फाइलमध्ये लावून ठेवलं आहे. कुणी विचारलं तर फाइल पुढे करायची.

आता नव्या कामामुळे पूल खरंच २.५ च मिलियनने वाढवायचा की नाही, हे पाहणं बाकी आहे. कारखाना विभागाने दुसरी पाळी मागितली आहे, आणि दुसरी पाळी म्हणजे सुपरवायझर, सुरक्षा, वीज. मंजुरी मिळाली तर तोही व्यवस्थापनाचा निर्णय, आणि तोही एसीओंना कळवावा लागेल. या खेपेला रेट वर जाईल. रिकामा अर्धा मजला नव्या कामाला द्यायची चर्चा चालू आहे, तसं झालं तर त्या भाड्याचा मुद्दाही पुन्हा उघडेल. कारखाना विभागाकडून दुसऱ्या पाळीचे मासिक आकडे शुक्रवारपर्यंत मागितले आहेत. २०२३ चं इन्कर्ड कॉस्ट सबमिशन ३० जूनला. प्रदर्शनांची बिलं यंदा मार्चमध्येच चाळून झाली आहेत.